सक्तमजुरीचे नऊ तास

सुरतच्या लिंबायतमध्ये दिवस पाळीनं मोजतात. सकाळी सातला खात्यावर, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, गेलेला कारागीर संध्याकाळी सातला सुटतो आणि त्याच मागावर रात्रपाळीचा माणूस उभा राहतो. धुळे, नंदुरबार, जळगावकडून ताप्ती लाइनच्या गाडीनं आलेल्या खानदेशी कुटुंबांनी ही वस्ती भरली. घरात अहिराणी, पोरांच्या शाळेत मराठी, खात्यावर हिंदी-गुजराती, असं इथलं जगणं. बारा तासांची पाळी कुणी कागदावर लिहून दिलेली नसते, ती चालत आलेली असते.

याच सुरतचं मध्यवर्ती कारागृह लाजपोरला आहे. तिथं सक्तमजुरी भोगणाऱ्या कैद्याकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, असं कायदा १८९४ पासून सांगत आला आहे. शिक्षा म्हणून राबणाऱ्याला नऊ तास आणि पोटासाठी राबणाऱ्याला बारा, हे गणित मला फार दिवस छळत होतं. तुरुंगातल्या कामाचे नियम कुठून आले हे शोधत गेलो तो त्यापायी.

तुरुंगात काम म्हणजे आधी तुरुंगाबाहेरचं काम होतं. कंपनी सरकारच्या काळात कैद्यांच्या टोळ्या पायात बेड्या घालून रस्त्यांवर जुंपल्या जात. महाबळेश्वरला १८३४ मध्ये चिनी आणि मलायी कैद्यांसाठी तुरुंग उभा राहिला. त्या माणसांनी तिथले रस्ते केले, भाजीपाल्याचे मळे पिकवले. तीस वर्षांनी तुरुंग बंद झाला, रस्ते राहिले. आपण त्यांवरून फिरायला जातो तेव्हा ते कुणाच्या सक्तमजुरीतून झाले हे कुणी सांगत नाही.

या पद्धतीवर पहिला घाव घातला तो १८३६ साली नेमलेल्या तुरुंग शिस्त समितीनं. मेकॉले तिचा सभासद होता. १८३८ च्या अहवालात समितीनं रस्त्यावरच्या कामावर कडक टीका केली, त्यात माणसं मरतात आणि पहारेकरी लाचखोर होतात असं दाखवून दिलं. इथपर्यंत वाचताना बरं वाटतं. मग समितीनं सुचवलेला उपाय वाचावा. काम भिंतीआड न्यावं. ते कंटाळवाणं, एकसुरी, मन मारून टाकणारं असावं. त्यात काही घडवल्याचं समाधानही कैद्याला लाभू नये. याच्या मुळाशी त्या काळच्या इंग्लंडातला विचार होता. १८३४ च्या तिथल्या गरीब कायद्यानं ठरवलं होतं, की सरकारी आसऱ्याला आलेल्याची स्थिती बाहेरच्या सर्वांत गरीब मजुरापेक्षा खालची हवी. तोच दंडक तुरुंगाला लागला. कैद्याचं जगणं बाहेरच्या तळच्या माणसाच्याही खाली ठेवायचं. हे तत्त्व आज कुणी उघडपणे मांडत नाही, पण पुढच्या प्रत्येक नियमात ते दबा धरून बसलेलं दिसतं.

पुढं बंगालचे तुरुंग निरीक्षक डॉ. मौआट यांनी उलट बाजू धरली. तुरुंगानं धंदा शिकवावा, माल तयार करावा, खर्च भागवावा, हा त्यांचा आग्रह. तुरुंगांत गालिचे, सतरंज्या, कापड, कागद होऊ लागलं. मग बाहेरचे कारखानदार ओरडले, की फुकटच्या मजुरीशी आम्ही स्पर्धा कशी करायची? त्यावर तोड निघाली ती अशी, की तुरुंगानं मुख्यतः सरकारी खात्यांसाठी माल करावा. या सगळ्या वादात कारखानदाराचं नुकसान मोजलं गेलं, सरकारचा खर्च मोजला गेला. राबणाऱ्याची मजुरी कुणाच्याच हिशेबात नव्हती.

१८९४ चा प्रिझन्स ॲक्ट या वादानंतर आला. त्याचं कलम ३५ मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत विलक्षण कलम वाटतं. नऊ तासांची मर्यादा त्यातलीच. ती ओलांडायची तर आणीबाणीचा प्रसंग हवा आणि अधीक्षकाची लेखी परवानगी हवी. राबणाऱ्या कैद्यांना डॉक्टरनं वेळोवेळी तपासायचं, निदान पंधरा दिवसांतून एकदा प्रत्येकाचं वजन त्याच्या हिस्टरी तिकिटावर नोंदवायचं, आणि एखाद्या कामानं प्रकृती ढासळते असं दिसलं तर त्या कामावरून त्याला काढून झेपेल ते द्यायचं.

आता त्याच वेळी बाहेर काय होतं ते पाहू. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांना एकत्र करून धडपड केली, तेव्हा कुठे १८९० मध्ये मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली. १८९१ च्या कारखाना कायद्यानं बायकामुलांच्या तासांना मर्यादा घातली, प्रौढ पुरुषाला नाही. कापड गिरणीतल्या पुरुषासाठी पहिली मर्यादा १९११ मध्ये आली, आणि ती होती बारा तासांची. १९२२ ला अकरा झाले, १९३४ ला दहा, आणि नऊ तास व्हायला १९४६ ची दुरुस्ती यावी लागली. म्हणजे पक्क्या कैद्याला कागदावर मिळालेली मर्यादा स्वतंत्र कामगाराला मिळायला बावन्न वर्षं लागली.

यात करुणा होती असं मी म्हणत नाही. कैद्याचं अन्न, कपडे, औषध सरकारच्या खर्चानं होतं. तुरुंगातले मृत्यू दरवर्षी अहवालात छापावे लागत. गिरणीत खंगलेल्या कामगाराचा असा हिशेब कुणाला द्यावा लागत नव्हता, त्याची जागा दुसरा घेई. आणि कलम ३५ पुस्तकात असताना अंदमानात काय चाललं होतं हे मराठी वाचकाला सांगायला नको. १९११ मध्ये सेल्युलर जेलमध्ये पोचलेल्या सावरकरांना कोलूला जुंपलं गेलं. दिवसाला तीस पौंड तेल काढायचं, ते भरलं नाही तर शिक्षा. तासांना मर्यादा होती, पण खरा मालक होता तो कामाचा कोटा. लिंबायतच्या कारागिराला हे समजावून सांगावं लागणार नाही. त्याचा पगार मीटरवर असतो, आणि मीटर भरेपर्यंत घड्याळाला अर्थ नसतो.

याच्या अगदी उलट गोष्ट येरवड्यात घडली. मार्च १९२२ मध्ये अहमदाबादच्या खटल्यात गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली, ती साध्या कैदेची. साध्या कैदेत मजुरीची सक्ती नाही. ते साबरमतीहून येरवड्याला आले आणि रोज सूत कातत राहिले. पुढं १९३० च्या तुरुंगवासात पेटीत मावणाऱ्या चरख्यावर त्यांनी तिथंच मेहनत घेतली. तो येरवडा चक्र म्हणून ओळखला गेला. मेकॉलेच्या समितीला कामातून जे काढून टाकायचं होतं, तेच एका कैद्यानं स्वतःहून काम मागून परत आणलं.

कामातलं ते समाधान सर्व कैद्यांपर्यंत पोचवता येईल का, हा प्रश्न औंध संस्थानानं विचारला. १९३९ मध्ये राजे भवानराव पंतप्रतिनिधींच्या आधारानं पोलंडहून आलेले इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांनी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. कैद्यांनी उघड्या माळावर शेती करायची, कुटुंबासह राहायचं, भिंत नाही. गदिमांच्या कथेवर व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ केला आणि ती कल्पना देशभर पोचवली. ती वसाहत आजही खुलं कारागृह म्हणून सांगली जिल्ह्यात आहे. आपल्याकडच्या तुरुंगांच्या इतिहासात अभिमानानं सांगावी अशी जागा ती, आणि तिची नक्कल व्हायला हवी होती तितकी झाली नाही याचं वाईट वाटतं.

१ मे १९६० ला मुंबई राज्याची वाटणी झाली तेव्हा तुरुंगही वाटले गेले. येरवडा महाराष्ट्राकडं राहिलं, साबरमती आणि सुरत गुजरातकडं गेले. राज्यघटनेनं तुरुंग हा राज्यांचा विषय ठेवलेला असल्यानं काम, मजुरी, सूट यांचे नियम ज्यानं त्यानं करायचे. पण जुना कायदा एकच आणि जुनी मुंबई नियमावलीही एकच, त्यामुळं दोन्हीकडचा सांगाडा बराच काळ सारखा राहिला.

मजुरीचा प्रश्न मात्र न्यायालयांनी उचलला. १९८२ च्या एशियाड कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं होतं, की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं ही घटनेच्या कलम २३ नं बंद केलेली वेठबिगारीच आहे. मग तुरुंगातलं काम काय? १९८३ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं कैद्यालाही किमान वेतन द्या म्हटलं. पुढं गुजरात उच्च न्यायालयानंही त्याच अंगानं निकाल दिला आणि गुजरात सरकार दिल्लीला गेलं. ‘गुजरात राज्य विरुद्ध गुजरात उच्च न्यायालय’ या नावाच्या त्या खटल्याचा निकाल सप्टेंबर १९९८ मध्ये लागला. आजच्या सगळ्या नियमांचा कणा तोच आहे.

न्यायालयानं सांगितलं, की सक्तमजुरीची शिक्षा झालेल्याकडून त्याची संमती नसली तरी काम घेणं कायदेशीर आहे. बाकीच्या कैद्यांनी मागितलं तर तुरुंग त्यांना काम देऊ शकतो. काम केलेल्या प्रत्येकाला न्याय्य मजुरी दिलीच पाहिजे, आणि ती ठरवायला प्रत्येक राज्यानं मंडळ नेमावं. तोवर सहा आठवड्यांत तात्पुरते दर लावावेत. कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च त्यातून वजा करता येईल. आणि मजुरीतला काही हिस्सा गुन्ह्यात ज्याचं नुकसान झालं त्याला देण्यासाठी राज्यांनी कायदा करावा.

शेवटचा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो, कारण ज्याच्यावर अन्याय झाला त्या माणसाची आठवण तुरुंगाच्या नियमांत क्वचितच निघते. पण मधल्या मुद्द्यात एक खिंड राहिली. मजुरी किमान वेतनाइतकी असावी असं न्यायालयानं म्हटलं नाही, न्याय्य असावी म्हटलं. काय न्याय्य हे राज्यानं ठरवायचं. त्यामुळं कुशल, अर्धकुशल, अकुशल असे दर ठरले, अधूनमधून वाढले, आणि बहुतेक ठिकाणी बाहेरच्या किमान वेतनाच्या पुष्कळ खाली राहिले. लाजपोरमध्ये कैदी हिरे घासतात. तेच कसब वराछाच्या कारखान्यात माणसाचं घर चालवतं. बाहेर बाजारात ज्याची किंमत होते असं काम आत होत असेल, तर मजुरीही बाजाराच्या जवळ जायला हवी. सरकारनं जेवणाचे पैसे उघडपणे कापावेत, आणि उरलेले कैद्याच्या घरी आणि त्यानं दुखावलेल्या घरी जावेत.

कामाचा आणखी एक धागा जातीतून आला. १८४० च्या दशकात बंगाल-बिहारच्या तुरुंगांत सगळ्यांचा स्वयंपाक एकत्र करायची सक्ती झाली आणि कैद्यांनी दंगे केले. सरकारनं त्यातून धडा घेतला तो असा, की स्वयंपाकी वरच्या जातीचा नेमावा आणि संडास-सफाई ज्यांच्या माथी समाजानं मारली होती त्यांच्याच माथी ठेवावी. हे नियम अनेक राज्यांच्या नियमावल्यांत स्वातंत्र्यानंतरही छापील राहिले. पत्रकार सुकन्या शांता यांनी ते बाहेर काढले आणि न्यायालयात गेल्या. ३ ऑक्टोबर २०२४ ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठानं ते घटनाबाह्य ठरवले, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना पुसायला सांगितला, राज्यांना नियमावली बदलायला तीन महिने दिले. कोल्हापूरच्या कळंबा कारागृहातल्या बायकांनी अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू वळले आणि भाविकांनी ते कपाळाला लावून खाल्ले, हे या निकालाच्या कितीतरी आधीचं. लोक नियमांच्या पुढं गेले होते.

याच न्यायमूर्ती चंद्रचूडांचा आणखी एक निकाल लिंबायतच्या दारातला आहे. एप्रिल २०२० मध्ये गुजरात सरकारनं कारखान्यांना बारा तासांची पाळी लावायची मुभा दिली, वरच्या तासांना दुप्पट दर न देता. गुजरात मजदूर सभा न्यायालयात गेली आणि १ ऑक्टोबर २०२० ला ती अधिसूचना रद्द झाली. २०२५ मध्ये राज्यानं कायद्यातच दुरुस्ती करून दिवसाच्या बारा तासांची वाट मोकळी केली. सुरतेच्या कितीतरी खात्यांना कारखाना कायदा आधीही शिवला नव्हता. ती दुकान म्हणून नोंदलेली असतात. १८३४ च्या गरीब कायद्याचं ते तत्त्व इथं आपला परिणाम दाखवतं. कैद्याला बाहेरच्या तळच्या मजुराहून खाली ठेवायचं असेल, तर बाहेरच्या मजुराला जितकं खाली दाबू तितकं आतल्याला आणखी खाली दाबावं लागतं. म्हणून कैद्याच्या मजुरीसाठी भांडणारा आणि खात्यावरच्या तासांसाठी भांडणारा हे वेगळ्या लढाया लढत नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

आणि या सगळ्या नियमांच्या बाहेर जे राहतात त्यांचं काय? २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. गुन्हा शाबीत झालेला नसल्यानं त्यांच्याकडून सक्तीनं काम घेता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण काम मागितलं तर मिळेलच असाही हक्क त्यांना नाही. १९९८ च्या निकालानं तुरुंगाला ती फक्त मोकळीक दिली. जामिनाचे पैसे नाहीत म्हणून आत बसलेला कारागीर महिनोन्महिने रिकामा बसतो आणि घरी खोलीचं भाडं थकतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत सामुदायिक सेवा ही नवी शिक्षा आली आहे. पाच हजारांहून कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि माल परत केला असेल तर तुरुंगाऐवजी समाजाच्या उपयोगाचं काम. ते विनामोबदला असेल असंही कायद्यात लिहिलं आहे. तुरुंग टळतो म्हणून मी त्याचं स्वागत करतो, मात्र रोजंदारीवरच्या माणसाचा बुडालेला रोज कुठून येणार, याची सोय नियमांत करावी लागेल.

केंद्रानं २०२३ मध्ये १८९४ च्या जागी आदर्श कारागृह कायद्याचा मसुदा राज्यांकडं पाठवला. नियम गुजरात आणि महाराष्ट्रानं आपापले लिहायचे असतात. त्यांत तीन ओळी असाव्यात एवढंच माझं मागणं आहे: कच्च्या कैद्यानं मागितलं तर काम मिळणं हा त्याचा हक्क असेल; मजुरीचा दर राज्याच्या किमान वेतनाला बांधलेला असेल आणि त्यातली प्रत्येक कपात पावतीवर दिसेल; आणि पंधरा दिवसांनी वजन नोंदवण्याचं कलम ३५ मधलं जुनं बंधन जसंच्या तसं राहील.