कार-टी सेल थेरपी म्हणजे काय? सगळ्या कॅन्सरवर चालते का?

आमच्या सांडोरच्या फॅमिली ग्रुपवर मेसेज आला: 'मुंबईत सगळ्या कॅन्सरवर जीन थेरपी आली!' काकांनी विचारलं, "खरं का रे?" मी सॉफ्टवेअरवाला, पण माहिती शोधली. बातमी अर्धीच खरी आहे.

आयआयटी मुंबई, टाटा मेमोरियल आणि इम्युनोॲक्ट कंपनीच्या 'नेक्सकार१९' या थेरपीला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मंजुरी मिळाली.

ती चालते कशी?
पेशंटच्या रक्तातून टी-पेशी काढतात. निरुपद्रवी केलेल्या व्हायरसमार्फत त्यांत नवीन जीन घालतात, लॅबमध्ये त्या वाढवतात आणि पुन्हा शरीरात सोडतात. आता या पेशी 'सीडी१९' हे प्रोटीन असलेल्या पेशी शोधून मारतात.

मग सगळ्या कॅन्सरवर का नाही?
सीडी१९ बनवणारं जीन मुख्यतः बी-पेशींत चालू असतं. म्हणून ही थेरपी बी-पेशींच्या ल्युकेमिया आणि लिम्फोमावरच, तेही आधीच्या उपचारांनी आजार आटोक्यात आला नाही किंवा उलटला तर. निरोगी बी-पेशीही मरतात, त्यामुळे इन्फेक्शनचा धोका वाढतो.

काकांना एवढंच सांगितलं: मेसेज पुढे पाठवण्याआधी 'कोणता कॅन्सर?' हे विचारा. घरात पेशंट असेल तर चालू उपचार थांबवू नका, आधी डॉक्टरांशी बोला.