झरझुरा क्लब आणि वाळवंटांतील मोटार

लिबियाच्या वाळवंटांत झरझुरा नांवाचें एक हरवलेलें नगर आहे, अशी आख्यायिका ईजिप्तमध्यें शतकानुशतकें प्रचलित होती. गुप्तधनाच्या शोधकांसाठीं लिहिलेल्या एका जुन्या अरबी ग्रंथांत त्या नगराचें वर्णन आढळतें. तें कबुतरासारखें पांढरें आहे. त्याच्या वेशीवर एक पक्षी कोरलेला आहे. त्या पक्ष्याच्या चोचींतील किल्ली काढून दार उघडलें म्हणजे आंत अपार संपत्ति दिसते आणि राजा व राणी तेथेंच झोंपलेलीं आढळतात. विसाव्या शतकांतील शहाण्यासुरत्या माणसांनीं असल्या कथेच्या मागें लागावें हें नवल खरें. पण नकाशावर शेकडों मैल जेथें नुसता कोरा कागद असतो, तेथें कथेला जागा सांपडते. १९३० सालीं सुदानच्या उत्तर सीमेजवळ, नाईलकांठच्या वादी हाल्फा या गांवीं, वाळवंट ओलांडून आलेल्या कांहीं इंग्रज मंडळींनीं एक क्लब काढला आणि त्याला या न सांपडलेल्या नगराचेंच नांव दिलें. (तें जुनें गांव १९६० नंतरच्या दशकांत आस्वानच्या नव्या धरणाच्या पाण्याखालीं गेलें.) झरझुराच्या शोधांत ज्यानें प्रत्यक्ष भाग घेतला असेल, तो या क्लबाचा सभासद. पुढें कांहीं वर्षें लंडनमध्यें या मंडळींचें वार्षिक भोजन होत असे.

शहरांतील क्लबांत प्रवेश मिळवावयाचा तर दोन सभासदांची शिफारस आणि वर्गणी एवढ्यानें भागतें. येथें बहुतेकांच्या बाबतींत प्रवेशाचें शुल्क म्हणजे स्वतःच्या पैशानें घेतलेली मोटार आणि ती घेऊन जिवंत परत येण्याचें सामर्थ्य, असें होतें. साहजिकच ‘कोणती मोटार घ्यावी?’ हा प्रश्न या मंडळींपुढें केवळ हौसेचा नव्हता. निवड चुकली तर चारशें मैलांच्या परिसरांत विहीर नाहीं आणि वाटसरूहि नाहीं, अशा जागीं ती चूक उमजावयाची.

नाईलच्या पश्चिमेस पसरलेल्या या वाळवंटाचा विस्तार सांगतांना तेथें हिंडलेल्या लोकांना हिंदुस्थानची उपमा सुचे. त्याच्या कांहीं भागांत वर्षानुवर्षें पाऊस पडत नाहीं. सिवा येथील मरूद्यानाच्या दक्षिणेस तर वाळूचा खरोखरीचा समुद्रच आहे. शंभर-शंभर मीटर उंचीच्या टेकड्यांच्या रांगा सामान्यतः उत्तर-दक्षिण एकीमागून एक धांवत जातात, आणि पूर्वेकडून पश्चिमेस जाऊं पाहणाऱ्याला प्रत्येक रांग आडवी येते. गेऱ्हार्ड रोल्फ्स या जर्मन प्रवाशानें १८७४ सालीं उंटांचा तांडा घेऊन हा समुद्र ओलांडण्याचा यत्न केला. त्या टेकड्यांपुढें त्याला हार खावी लागली व रांगांमधील मार्गानें उत्तरेकडे वळून तो सिवाला पोंचला. जेथें उंट थांबला तेथें यंत्र जाईल, ही कल्पना तेव्हां कोणाच्या स्वप्नांतहि नव्हती.

यंत्र तेथें प्रथम नेलें तें युद्धानें. १९१६ सालीं सनुसी पंथाच्या सैन्याविरुद्ध इंग्रजांनीं दोन जातींच्या गाड्या वाळवंटांत उतरविल्या. एक रोल्स रॉइसची चिलखती मोटार, वजन सुमारें चार टन. दुसरी अमेरिकेंतील साध्या शेतकऱ्याच्या दारांत उभी राहणारी, वीस अश्वशक्तीची फोर्ड ‘टी’. कठीण, सपाट भूमीवर चिलखती मोटारींनीं मोठा पराक्रम केला यांत शंका नाहीं. परंतु मऊ वाळू लागली कीं प्रतिष्ठेच्या भारानें त्या खालीं बसत, आणि अवघ्या बाराशें पौंडांची ती गरीब फोर्ड, चार माणसांनीं ढकलली तरी बाहेर निघे. युद्ध संपल्यावर ईजिप्तच्या राजघराण्यांतील कमाल-उद्-दीन हुसेन यानें मागच्या चाकांऐवजीं रबरी पट्टे असलेल्या सिट्रोएन गाड्या नेल्या. त्यांच्याच साह्यानें त्यानें नैर्ऋत्येकडील प्रचंड पठार शोधून काढलें व १९२६ सालीं त्याला गिल्फ कबीर हें नांव दिलें. पण या गाड्या मंद चालत आणि पेट्रोल फार पीत. आणि वाळवंटांत पेट्रोल पिणारी गाडी म्हणजे स्वतःचेंच भक्ष्य वाहून नेणारी गाडी.

राल्फ बॅगनोल्ड हा सैन्याच्या दळणवळण खात्यांतील अधिकारी १९२६ सालीं कैरोला आला तेव्हां हे तिन्ही अनुभव उपलब्ध होते. त्यानें फोर्ड निवडली. पुढें त्याची बदली हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर झाली; तरी तेथूनहि रजा काढून तो वाळवंट गांठीत असे. त्याच्या निवडीचें इंगित एका साध्या हिशेबांत आहे. गाडी वाळूंत रुततें ती तिच्या वजनानें नव्हे, तर जमिनीच्या प्रत्येक चौरस इंचावर पडणाऱ्या वजनानें. हा दाब स्थूलमानानें टायरांतील हवेच्या दाबाएवढा असतो. हवा निम्मी काढली तर टायर चपटा होऊन जवळजवळ दुप्पट जागेवर टेकतो, आणि तीच गाडी तीच वाळू ओलांडून जाते. एंजिनाची शक्ति वाढविल्यानें हें साधत नाहीं. उलट रुतलेलें चाक अधिक जोरानें फिरवावें तों तें अधिकच खोल जातें. घोडा चिखलांत फसला असतां त्याला चाबूक मारण्यासारखेंच तें आहे.

म्हणून गाडीला काय जोडावें याचा विचार करण्यापूर्वीं तिच्यांतून काय काढतां येईल, हें या मंडळींनीं पाहिलें. छत गेलें, पुढची कांच गेली, दारें व मडगार्ड गेलीं. मागें लांकडाची साधी पेटी बसवून तींत पाणी, पेट्रोल आणि अन्न भरलें. फोर्ड ‘टी’ हिच्या खोडीहि कमी नव्हत्या. तिची पेट्रोलची टांकी बैठकीखालीं असे व पेट्रोल केवळ उतारानें एंजिनाकडे वाहत येई. त्यामुळें चढ फार उभा असला कीं एंजिनाला पेट्रोल पोंचेना, आणि मग गाडी उलटी फिरवून पाठमोरी चढवावी लागे. ‘टी’चें उत्पादन १९२७ सालीं बंद झालें आणि चाळीस अश्वशक्तीची ‘ए’ आली. १९२९ व १९३० च्या मोहिमा या नव्या गाडीनें केल्या. ती अधिक जड होती, पण शक्ति व भार यांचा मेळ तींत चांगला बसला होता. शिवाय तिचे सुटे भाग कैरोंत मिळत, आणि ती दुरुस्त करण्यास कारखाना लागत नसे. हा शेवटचा गुण जाहिरातींत कोणी मोठ्या अक्षरांत छापीत नाहीं. वाळवंटांत त्याचेंच मोल सर्वांत अधिक.

दुसरा शत्रु उष्णता. वाऱ्याच्या दिशेनें गाडी चालली असतां रेडिएटरमधील पाणी उकळून वाफ होऊन जाई, आणि तें भरून काढावयाचें तें पिण्याच्या पाण्यांतून. बॅगनोल्डनें रेडिएटरच्या तोंडापासून एक नळी काढून ती गाडीच्या कडेला बांधलेल्या पाण्याच्या डब्यांत सोडली. वाफ त्या डब्यांत जाऊन थंड होई; एंजिन निवलें कीं आंत निर्वात होऊन तेंच पाणी पुन्हा वर ओढलें जाई. दिशा दाखविण्यासाठीं लोहचुंबकी होकायंत्र निरुपयोगी, कारण मोटारीच्या लोखंडानें त्याची सुई भांबावते. त्याऐवजीं अंश कोरलेल्या तबकडीवर एक उभी तार बसवून तिच्या सावलीवरून गाडी हांकली जाई. दिवसा सूर्य, रात्रीं तारे व बिनतारी यंत्रावरून मिळणारी अचूक वेळ, या आधारावर आपलें स्थान ठरवीत हे लोक त्या कोऱ्या कागदावर रेघा ओढीत गेले. रुतलेल्या चाकांखालीं घालण्याचे पोलादी पत्रे तर कैरोच्या जुन्या बाजारांत सांपडले. पहिल्या महायुद्धांत खंदकांवर छप्पर घालण्यासाठीं ते बनविलेले होते. आज दुबईच्या परिसरांतील मोटार-क्लबांचे सभासद सुटीच्या दिवशीं वाळूंत शिरण्यापूर्वीं टायरांतील हवा काढतात आणि चाकांखालीं घालण्याच्या फळ्या बरोबर घेतात, ती याच पत्र्यांची वंशावळ होय.

इतकी सिद्धता झाल्यावरहि वाळूच्या पहिल्या मोठ्या टेकडीपुढें काय करावें हा प्रश्न उरलाच. जो भाग वाऱ्यानें दाबून बसविलेला असतो तो मोटारीचा भार सहज पेलतो, आणि त्याला लागूनच पाण्यासारखी पातळ वाळू असूं शकते. डोळ्यांना मात्र दोन्ही सारख्याच दिसतात. बॅगनोल्डनें ताशीं चाळीस मैलांच्या वेगानें गाडी सरळ त्या भिंतीवर घातली. धक्का बसला नाहीं; पाळण्यांत बसल्याप्रमाणें गाडी अलगद वर चढत गेली. मात्र माथ्यावर वेळींच थांबलें पाहिजे, कारण पलीकडची बाजू तुटलेल्या कड्यासारखी उतरते, आणि तेथें उडालेल्या गाडीचें व माणसांचें काय होईल हें सांगावयास नको. ही युक्ति ज्ञात झाली आणि रोल्फ्सला परतविणारा समुद्र मोटारींना खुला झाला.

या क्लबाच्या शोधांचा गौरव करतांना एक गोष्ट विसरूं नये. दक्षिणेकडील उवेनात डोंगर जगाला दाखविला तो अहमद हसनैन या ईजिप्शियन प्रवाशानें, १९२३ सालीं, उंटावरून. न्यूबोल्ड आणि केनेडी शॉ हे सुदान सरकारचे दोन अधिकारीहि १९२७ सालीं उंटांवरूनच हिंडले होते. शॉ मोटारींत बसला तो नंतर. १९३२ व १९३३ सालीं गिल्फ कबीरमध्यें ज्या हिरव्या दऱ्या सांपडल्या, आणि ज्यांना पुष्कळांनीं झरझुरा मानलें, त्या कुफ्राकडील तेबू गुराख्यांना ठाऊक होत्या. एका दरीचें नांव तर हंगेरियन प्रवासी अल्माशी याला एका वृद्ध तेबूनेंच सांगितलें. नगर नव्हतें, राजाराणी नव्हतीं. पाऊस पडला कीं गुरें चारावयाची कुरणें होतीं.

अल्माशी हा ऑस्ट्रियांतील श्टायर मोटारींच्या कंपनीशीं संबंधित, उत्तम चालक आणि वैमानिकहि. बॅगनोल्डचे सोबती आणि अल्माशी एकाच वाळवंटाच्या वेडानें बांधले गेले होते. १९३९ सालीं युद्ध पेटलें आणि हें बंधन तुटलें. १० जून १९४० रोजीं इटली युद्धांत उतरली. त्याच महिन्यांत बॅगनोल्डनें सेनापति वेव्हेल, जो पुढें हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला, याच्यापुढें वाळवंटांत दूरवर गस्त घालणाऱ्या पथकाची योजना मांडली. मान्यता मिळाली, मुदत सहा आठवड्यांची. त्यानें आपल्या जुन्या सोबत्यांना बोलावून घेतलें: शॉ पॅलेस्टाइनहून, पॅट क्लेटन टांगानिकाहून. क्लबाच्या भोजनाच्या टेबलावरील मंडळी अशा रीतीनें सैन्याच्या पथकांत एकत्र आली, आणि पुन्हा तोच जुना प्रश्न उभा राहिला: गाडी कोणती?

लष्कराजवळ जड गाड्या पुष्कळ होत्या. बॅगनोल्डनें त्या नाकारून शेवरोलेच्या दीड टनी, केवळ मागचीं चाकें ओढणाऱ्या व्यापारी मालमोटारी पसंत केल्या. कांहीं अलेक्झांड्रियांतील विक्रेत्यांकडून घेतल्या, कांहीं ईजिप्तच्या सैन्याकडून मागून आणल्या. दारें व कांचा पुन्हा काढल्या गेल्या, स्प्रिंगा वाढविल्या, पाण्याचा डबा पुन्हा बांधला. पहिले सैनिक न्यूझीलंडचे होते. त्यांतील अनेक जण शेतकरी, यंत्र हाताळण्यास संवकलेले. पुढें १९४१ मध्यें चारी चाकें ओढणाऱ्या फोर्ड मालमोटारी मिळाल्या, त्या कागदावर श्रेष्ठ होत्या. पण त्यांचें वजन अधिक व पेट्रोलचा खप त्याहून अधिक. चालकांना त्या आवडल्या नाहींत, आणि १९४२ मध्यें पुन्हा दोनच चाकें ओढणाऱ्या शेवरोले आल्या. त्याच वर्षीं हिंदी घोडदळांतील जवानांचें, जाट, राजपूत, शीख व मुसलमान यांचें, एक स्वतंत्र पथकहि या वाळवंटांत त्यांच्याबरोबर गस्त घालूं लागलें.

मे १९४२ मध्यें अल्माशीनेंहि तेंच केलें. जर्मनांच्या दोन हेरांना नाईलकांठीं पोंचविण्यासाठीं तो गिल्फ कबीरच्या मार्गानें अस्युतपर्यंत गेला आणि परत आला. त्याच्या गाड्या इंग्रजांकडून पकडलेल्या फोर्डच होत्या. ज्या दऱ्यांतून तो गेला त्या त्यानें आणि क्लेटननें पूर्वीं एकाच उद्देशानें धुंडाळल्या होत्या. क्लेटन त्या वेळीं इटालियनांचा कैदी होता. ३१ जानेवारी १९४१ रोजीं जेबल शरीफ येथील चकमकींत तो पकडला गेला होता. त्याच चकमकींत मोटारी जळालेले चार सैनिक, थोडें पाणी घेऊन, दहा दिवसांत दोनशें मैलांहून अधिक पायीं चालले. त्यांतील एक सुटका झाल्यानंतर मरण पावला.

१९८० सालीं वाळवंटांत टाकून दिलेली त्या पहिल्या शेवरोलेंपैकीं एक गाडी लिबियाच्या वाळूंत सांपडली. लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमनें ती रंगवून नवी केली नाहीं; गंजलेली, दारें व कांचा नसलेली, जशी सांपडली तशीच ठेवली.