वॉल्टर कॉफमन : आकाशवाणीच्या धुनेमागचा संगीतकार

तंबोऱ्याच्या झंकारावर उमटणारे व्हायोलिनचे संथ, काहीसे हुरहुर लावणारे स्वर ऐकले की आकाशवाणीचे केंद्र सुरू होत असल्याचे श्रोत्याला कळते. मुंबईच्या चाळीपासून वऱ्हाडातील वाशीमपर्यंत अनेक पिढ्यांची सकाळ या धुनेने उगवली. शिवरंजनी रागाशी नाते सांगणारी ही धून मात्र हिटलरच्या राजवटीमुळे युरोप सोडावा लागलेल्या एका ज्यू संगीतकाराची देणगी मानली जाते. वॉल्टर कॉफमन हे त्याचे नाव.

कॉफमन यांचा जन्म 1 एप्रिल 1907 रोजी बोहेमियातील कार्ल्सबाद येथे जर्मन भाषक ज्यू कुटुंबात झाला. बर्लिनमध्ये त्यांनी फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे रचनाशास्त्राचे शिक्षण घेतले आणि पुढे प्रागच्या जर्मन विद्यापीठात संगीतशास्त्राचा अभ्यास केला. विख्यात वाद्यवृंद-संचालक ब्रूनो वॉल्टर यांचे साहाय्यक म्हणून त्यांनी बर्लिनमध्ये ऑपेराचे कामही पाहिले. प्रागमध्ये त्यांचा प्रबंध तयार होता. परंतु आपले मार्गदर्शक नाझींशी संबंधित असल्याचे कळताच त्यांनी पदवी नाकारली.

1934 च्या प्रारंभी ते मुंबईत उतरले. त्याच वर्षी त्यांनी 'बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी' स्थापन केली. तिच्या मैफलींत स्वतः कॉफमन पियानोवर, तर मेहली मेहता व्हायोलिनवर असत. जगप्रसिद्ध संचालक झुबीन मेहता हे मेहलींचे चिरंजीव.

भारतीय संगीत प्रथम कानी पडले तेव्हा कॉफमन यांना ते अगदी परके वाटले. मात्र लाखो लोक ज्यावर प्रेम करतात ते आपल्याला कळत नसेल, तर उणीव आपल्यातच असली पाहिजे, असा विचार करून त्यांनी रागसंगीताचा चिकाटीने अभ्यास आरंभला.

1937 पासून 1946 पर्यंत ते ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख होते. या काळातील त्यांची उल्लेखनीय कृती म्हणजे 1938 मधील 'अनसूया' ही नभोवाणीसाठी रचलेली संगीतिका. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'पासून, म्हणजे 1880 पासून, गाण्यातून नाट्य फुलवण्याची परंपरा महाराष्ट्राच्या अंगवळणी पडली होती. तथापि संगीत नाटकात गायकनट रंगेल तसे पद वाढवतो, 'वन्स मोअर' घेतो आणि साथीदार त्याच्या मागून जातात. युरोपीय संगीतिकेत प्रत्येक स्वर आधी लिहिलेला असतो आणि गायकासह साऱ्यांना संचालकाच्या छडीबरोबर चालावे लागते. नभोवाणीवर तर नेपथ्य आणि अभिनयही गळून पडतात. सारी कथा केवळ आवाजावर उभी करावी लागते. या दोन परंपरांच्या सीमेवर कॉफमन काम करीत होते.

धुनेच्या कर्तृत्वाबाबत मात्र मतभेद आहेत. जॉन फोल्ड्स आणि ठाकूर बलवंतसिंग यांची नावेही या संदर्भात घेतली जातात. तरी बहुतेक अभ्यासक श्रेय कॉफमन यांनाच देतात. तिच्यातील व्हायोलिन मेहली मेहता यांचे असल्याचे मानले जाते. कोट्यवधींनी ऐकलेल्या या रचनेच्या कर्त्याचे नाव श्रोत्यांपर्यंत मात्र क्वचितच पोहोचले.

1946 मध्ये कॉफमन यांनी भारत सोडला. इंग्लंडमध्ये काही काळ काढून ते कॅनडात गेले आणि 1948 ते 1957 या काळात त्यांनी विनिपेग सिंफनी ऑर्केस्ट्राचे संचालन केले. पुढे अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात ते संगीतशास्त्राचे प्राध्यापक झाले. मुंबईत आरंभलेला अभ्यास तेथे फळाला आला. उत्तर भारतीय रागांवरील त्यांचा बृहद्ग्रंथ 1968 मध्ये, तर दक्षिणेकडील रागांवरचा 1976 मध्ये प्रसिद्ध झाला. 9 सप्टेंबर 1984 रोजी ब्लूमिंग्टन येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या बहुतांश रचना दीर्घकाळ हस्तलिखितांतच पडून होत्या. 2020 मध्ये कॅनडातील 'एआरसी आँसांब्ल' या समूहाने त्यांतील निवडक चेंबर रचनांचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केले. रागांची छाया असलेले त्यांचे संगीत त्यामुळे नव्या श्रोत्यांपुढे आले. स्वतःच्या देशात परका ठरवला गेलेला हा संगीतकार भारतातील असंख्य घरांत मात्र त्या काही क्षणांच्या धुनेतून रोज पहाटे ओळखीचा झाला होता.