अनवाणी पायांपासून धावण्याच्या बुटांपर्यंत

पुण्यात लांब पल्ल्याच्या शर्यती पूर्वी अनवाणीही धावल्या जात. तिथल्या डेक्कन जिमखाना क्लबच्या स्पर्धेत उद्योगपती दोराबजी टाटांनी पाहिलेले धावपटू शेतकरी घरांतले होते, मातीवर अनवाणी धावत होते. तरीही त्यांच्या वेळा युरोपीय धावपटूंच्या तोडीच्या होत्या. हे पाहून टाटांनी घेतलेल्या पुढाकारातूनच १९२० मध्ये भारतीय संघ अँटवर्प ऑलिंपिकला गेला. तिथे बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९वे आले.

पुढे धावणे मातीवरून डांबरावर आले. १९७०च्या दशकात हलक्या फोमचे तळ बुटांत आले आणि १९८३ मध्ये पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली. आता सरावागणिक बुटांचा जोड बदलतो: रोजच्या लांब, संथ धावेला जाड तळाचा टिकाऊ बूट, वेगाच्या सरावाला हलका, ट्रॅकवर खिळ्यांचा.

पुणे-सातारा महामार्गावरील किकवी गावात तर धावण्याची जमीनच बुटांची निवड ठरवते. डांबरासाठीचा गुळगुळीत तळ परिसरातील भोर-वेल्ह्याच्या ओल्या डोंगरवाटांवर घसरतो. तिथे खोल खाचांचा तळ लागतो. नवशिक्याने पाऊल आत वळते की बाहेर, यात फार गुंतू नये. पायाला सुखावह वाटणारा आणि पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडणारा बूट घ्यावा. तो संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना घालून पाहावा. २०१७ पासून आलेले कार्बन पट्टीचे महागडे बूट शर्यतीसाठी आहेत. रस्त्यावरील अधिकृत स्पर्धांत तळाची जाडी ४० मिलिमीटरपर्यंतच चालते.