घर आपले, वारा सर्वांचा

श्रोतेहो, पावसाळा तोंडावर आला की खेड्यात एक तंटा हमखास उभा राहतो. शेजाऱ्याने नवी छपरी काढलेली असते आणि तिच्या कवेलूंवरचे पाणी आपल्या अंगणात पडू लागते. शब्दाला शब्द वाढतो. मग चार शहाणी माणसे बोलावतात, दोरी धरतात आणि निवाडा करतात, की बाबा, तुझ्या वळचणीचे पाणी तू तुझ्याच जागेत उतरव. नगररचना, बांधकाम-नियमावली ही नावे भारदस्त खरी. पण त्यांचे मूळ या वळचणीच्या तंट्यातच आहे. आपले घर बांधताना शेजाऱ्याचा उजेड, पाणी आणि वाट अडवू नये, एवढीच ती गोष्ट.

आपल्या भागाला हे शहाणपण नवे नाही. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात पवनीला जा. प्राचीन नगराचा मातीचा तट आणि खंदक तिथे अजून पाहायला मिळतो. आपल्याच जिल्ह्यातल्या नवेगावबांधला टेकड्यांच्या मधली जागा बांधाने अडवून केवढा तलाव उभा केला आहे! परंपरा त्याचे श्रेय कोलू पाटील कोहळी यांना देते. वर तलाव, खाली पाटाच्या पाण्यावर भिजणाऱ्या धानाच्या बांध्या. पाणी कुठून येते आणि कुठे जाते हे आधी पाहायचे, मग बाकीचे ठरवायचे. कागदावर नकाशा नसेल, पण योजना होती.

गोंदिया शहराची गोष्ट मात्र निराळी. १८८० च्या दशकात नागपूरहून राजनांदगावकडे लोहमार्ग गेला. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने तो रुंद केला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी जबलपूरकडे जाणारी छोटी गाडीही इथूनच निघू लागली. धान, लाकूड, विडीपत्ता यांची उलाढाल वाढली. आधी गाडी आली, मग गोदामे आली, मग माणसे आली, आणि त्यानंतर, १९१९ साली, नगरपालिका आली. म्हणजे गाव आधी वाढले आणि त्याला वळण लावणारे मागाहून आले. आपल्याकडच्या पुष्कळ शहरांचे असेच झाले आहे.

मग नियम आले कुठून? बहुतेक वेळा संकटातून. १६६६ साली लंडन जळाले. लाकडी घरे एकमेकांना खेटून होती. दुसऱ्याच वर्षी तिथे कायदा झाला, की नवी घरे विटांची किंवा दगडांची बांधावीत. आपल्याकडे १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांतून माणसे दाटीवाटीने राहत होती. १८९८ साली तिथे नगरसुधारणेसाठी ट्रस्ट नेमला गेला. त्याने रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या आणि एक सोपा हिशेब घालून दिला: इमारतीची उंची समोरच्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून जास्त नको, म्हणजे खालच्या खोलीलाही आकाश दिसेल.

पण या कामाला दुसरी बाजूही होती. जुनी घरे पाडली गेली तेव्हा तिथले गरीब लोक शेजारच्या गल्ल्यांत जाऊन कोंबले गेले. पॅट्रिक गेडिस नावाच्या स्कॉटिश पंडिताने हे दुखणे ओळखले. होळकरांच्या इंदूरसाठी त्याने १९१८ साली मोठा अहवाल लिहिला. सरसकट पाडापाड करू नका, जिथे अडते तेवढेच काढा, असे त्याचे सांगणे होते. आजही ते विसरण्याजोगे नाही.

कायदेही क्रमाने येत गेले. मुंबई इलाख्यात १९१५ साली नगररचनेचा कायदा झाला. नागपूरच्या सुधार प्रन्यासाचा कायदा १९३६ चा. महाराष्ट्राचा प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा. तो आजही आधारभूत आहे. २०२० पासून मुंबई व काही विशेष क्षेत्रे सोडून राज्याला एकच बांधकाम-नियमावली लागू झाली.

आता नियमांचा गाभा थोडक्यात सांगतो. पहिला नियम मोकळ्या जागेचा. घराभोवती जे अंतर सोडायचे त्याला सामासिक अंतर म्हणतात. वहीला समास सोडतो ना, तसेच. दुसरा उजेडाचा. खोलीच्या क्षेत्रफळाच्या सहाव्या ते दहाव्या हिश्शाइतकी खिडकी-झरोक्याची जागा हवी, असे आपल्या उष्ण हवेसाठी राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते. दहा फूट बाय बारा फूट खोली म्हणजे १२० चौरस फूट. तिला बारा ते वीस चौरस फूट उघडीक पाहिजे. तिसरा चटई क्षेत्राचा. दोन हजार चौरस फुटांच्या जागेवर निर्देशांक एक असेल, तर सर्व मजले मिळून बांधकाम दोन हजारच. खाली हजार, वर हजार. चौथा मजबुतीचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जड भिंतींखाली हजारो माणसे झोपेतच गेली. आणि पाचवा, बाहेर पडण्याच्या वाटेचा.

ही पाचवी गोष्ट गोंदियाकरांना वेगळी सांगायला नको. २१ डिसेंबर २०१६ च्या पहाटे शहराच्या भरवस्तीत एका हॉटेलला आग लागली आणि सात जीव गेले. जिना किती रुंद, दुसरी वाट आहे का, बंब दारापर्यंत पोचेल का, हे प्रश्न नकाशा काढतानाच विचारायचे असतात. आग लागल्यावर त्यांना उत्तर नसते.

आज शहराच्या कडेच्या धानाच्या बांध्या मोडून प्लॉट पडत आहेत. मुलांच्या शिक्षणासाठी तिथे घर बांधावे, असे पुष्कळांच्या मनात असते. घ्या, जरूर घ्या. पण पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा. आराखडा मंजूर आहे का? रस्ता कागदावर आहे की नुसता बोलण्यात? आणि पावसाचे पाणी कुठून वाहते? गावठाणात ग्रामपंचायतीत, शहरात नगरपरिषदेत, शेतजमिनीबाबत तहसील कचेरीत चौकशी करा. तिसऱ्या प्रश्नासाठी मात्र भर आषाढात स्वतः जाऊन उभे राहा.

गुरुजींना एक विनंती. भूमितीच्या तासाला मुलांना आपल्या वर्गाची जमीन आणि खिडक्या मोजायला लावा. क्षेत्रफळही शिकतील आणि आपल्या वाट्याचा उजेड किती, हेही त्यांना कळेल. उद्या हीच मुले घरे बांधणार आहेत.