अनेक वायरलेस संच, एकच स्पीकर

सह्याद्रीच्या माथ्यावरील गगनबावडा हा लोकसंख्येने कोल्हापूर जिल्ह्यातील सर्वांत लहान तालुका. पावसाच्या बाबतीत मात्र त्याची गणना राज्यातील अग्रगण्य ठिकाणांत होते. येथील वार्षिक पाऊस सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. पश्चिमेकडे करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट कोकणात उतरतात, तर पूर्वेकडे सुमारे ५५ किलोमीटरवर कोल्हापूर आहे. एकीकडे घाटात दरड कोसळली आणि दुसरीकडे कुंभी नदीचे पाणी मांडुकलीजवळ रस्त्यावर आले, की तालुक्याची दोन्ही दारे बंद होतात. अशा वेळी वीज आणि मोबाइलचे मनोरेही बंद पडले, तर वायरलेस संचांचा आधार उरतो.

कुंभी ही पंचगंगेच्या उपनद्यांपैकी एक. त्यामुळे गगनबावड्यातील पावसाची वार्ता खाली कोल्हापूर परिसराच्या दृष्टीने पूर्वसूचनाच असते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरील ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फुटांपुढे मजल मारली. अशा प्रसंगी वेळेवर न ऐकलेला एक निरोपही महागात पडू शकतो.

आपत्तीच्या काळात पोलीस, महसूल, वन आदी खाती आणि हौशी रेडिओचालक वेगवेगळ्या लहरींवर बोलतात. एकाच टेबलावर चार संच आणि त्यांचे चार लहान स्पीकर वाजू लागले, की कोणता आवाज कोठून आला हे कळेनासे होते. सर्व संचांचा आवाज एकत्र करून एका मोठ्या, स्पष्ट स्पीकरवर ऐकावा, हा त्यावरील सहज सुचणारा उपाय. तो शक्य आहे आणि फारसा खर्चिकही नाही. मात्र त्याची काही पथ्ये आहेत.

थेट जोडणी का नको?

चारही संचांच्या स्पीकरच्या तारा एकत्र पिळून एका स्पीकरला जोडणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत चुकीचा मार्ग होय. प्रत्येक संचातील अ‍ॅम्प्लिफायरचा अंतर्गत रोध अत्यंत कमी असतो. त्यामुळे एक संच बोलू लागला, की त्याची शक्ती स्पीकरऐवजी शेजारच्या संचांच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शिरते. आवाज क्षीण आणि विकृत होतो, शिवाय संच तापून निकामी होण्याचा धोका असतो.

गाडीत बसविण्याच्या काही व्यावसायिक संचांत आणखी एक सापळा असतो. त्यांच्या स्पीकरची कोणतीही तार भूजोडणीला, म्हणजे संचाच्या सांगाड्याला जोडलेली नसते. दोन्ही तारांवर बॅटरीच्या निम्मा, म्हणजे सुमारे सहा व्होल्ट दाब असतो. त्यांपैकी एक तार ‘अर्थ’ समजून जोडली, की अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो. म्हणून जोडणीपूर्वी संचाची माहितीपुस्तिका पाहणे आणि मीटरने तारा तपासणे आवश्यक ठरते.

मिश्रण कसे करावे?

योग्य पद्धतीत प्रत्येक संचाचा आवाज आधी स्वतंत्रपणे सौम्य केला जातो आणि मग रेझिस्टरमधून एका सामाईक बिंदूवर आणला जातो. संचाच्या स्पीकर-जॅकला आठ ओहमच्या स्पीकरऐवजी तेवढ्याच रोधाचा, पुरेशा वॅटचा रेझिस्टर भार म्हणून जोडतात. त्यावरून लहान व्हॉल्यूम-नियंत्रकाद्वारे थोडासा संकेत घेतात आणि तो साधारण दहा किलोओहमच्या रेझिस्टरमधून पुढे पाठवितात. या रेझिस्टरमुळे एका संचाचा संकेत दुसऱ्यात शिरत नाही.

केवळ रेझिस्टर वापरले, तर चार संचांच्या जोडणीत प्रत्येकाचा आवाज मूळच्या एक चतुर्थांशावर येतो, म्हणजे सुमारे १२ डेसिबलने घटतो. ही घट पुढच्या अ‍ॅम्प्लिफायरने भरून काढता येते. त्याहून चांगला पर्याय म्हणजे ऑप-अ‍ॅम्पवर आधारित बेरीज करणारे सर्किट. त्यात सामाईक बिंदूवरील दाब जवळजवळ शून्य राहतो. त्यामुळे एखादा संच काढला किंवा जोडला, तरी इतरांच्या आवाजावर परिणाम होत नाही. त्यापुढे काही वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर जोडला, की काम पूर्ण होते.

गुणगुण आणि खरखर

सर्व संच एकाच १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालत असतील आणि त्यांच्या आवाजाच्या ताराही एकत्र येत असतील, तर भूजोडणीचे बंदिस्त वेटोळे तयार होते. त्यातून चार्जरची ५० किंवा १०० हर्ट्झची गुणगुण स्पीकरवर उमटते. प्रत्येक संच आणि मिश्रक यांच्यामध्ये ६०० ओहमचा एकास एक प्रमाणाचा ट्रान्सफॉर्मर घातल्यास हे वेटोळे तुटते. आवाज चुंबकीय मार्गाने पुढे जातो, तारांचा थेट संबंध उरत नाही. वर सांगितलेला सहा व्होल्टचा सापळाही अशा रीतीने टळतो.

एखाद्या संचावरून बोलताना त्याच्या रेडिओलहरी मिश्रकाच्या तारांत शिरून खरखर करतात. त्यासाठी आवरणयुक्त केबल, तारेभोवती फेराइटची कडी आणि प्रवेशाशी लहान कपॅसिटर वापरावा. प्रत्येक संचाचा स्क्वेल्चही नीट लावलेला हवा. एकाचा जरी उघडा राहिला, तरी त्याची सततची सळसळ बाकी सर्वांचे बोलणे झाकून टाकते.

कोण बोलले?

विद्युत जोडणी निर्दोष झाली, तरी ऐकणाऱ्याची अडचण शिल्लक राहते. एकाच लहरीवर दोघे बोलले, तर एफएम पद्धतीत बहुधा प्रबळ संकेत दुर्बळ संकेताला दाबून टाकतो. मिश्रकात तसे होत नाही. दोन संचांवरील दोन्ही आवाज सारख्याच जोराने एकमेकांत मिसळतात. विमानतळावरील नियंत्रकांना पूर्वी अनेक वैमानिकांचे आवाज एकाच स्पीकरवर ऐकावे लागत आणि त्यातून गोंधळ होई. याच समस्येच्या संदर्भात ब्रिटिश शास्त्रज्ञ कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग गाजले. दोन बोलणी एकत्र मिसळून ऐकविली, तर ती वेगळी करणे फार कठीण जाते. तीच दोन कानांना वेगवेगळी ऐकविली, तर हव्या त्या बोलण्याकडे लक्ष देणे सोपे होते, असे त्यांना आढळले.

याचा व्यावहारिक अर्थ असा, की शक्य असल्यास एकाऐवजी दोन स्पीकर ठेवून महत्त्वाचे जाळे डावीकडे आणि बाकीची उजवीकडे ऐकावीत. एकच स्पीकर असेल, तर प्रत्येक मार्गावर आवाज येताच पेटणारा एलईडी दिवा बसवावा, म्हणजे कोण बोलले हे नजरेने कळते. प्रमुख संचावर आवाज येताच इतरांचा आवाज आपोआप मंद करणारी व्यवस्थाही करता येते. मात्र इतर संच पूर्ण बंद होता कामा नयेत. मदतीची हाक कोणत्या लहरीवर येईल हे आधी सांगता येत नाही.

बोलताना घ्यायची काळजी

मिश्रकाचा स्पीकर चालू असताना कोणी माइकचे बटण दाबले, तर इतर खात्यांचे संभाषणही त्यातून प्रसारित होते. म्हणून बटण दाबताच स्पीकर मूक करणारा रिले असावा. मिश्रकामुळे परवान्याच्या अटींतही फरक पडत नाही. हौशी चालकांना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचा परवाना घ्यावा लागतो आणि इतर खात्यांच्या लहरींवर बोलण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे, चार संच एका अ‍ॅम्प्लिफायरवर आणल्याने तो एक बिघडताच चारही मुके होतात. यासाठी प्रत्येक संचाचा मूळ स्पीकर एका स्विचने क्षणात परत जोडता यावा आणि मिश्रक बॅटरीवरच चालावा. ही सारी जुळवणी जूनपूर्वी, कोरड्या दिवसांत तपासून घ्यावी. प्रत्येक संचाची पातळी सारखी लावून, नव्या माणसाला दिवे ओळखता येतात का हे पाहून ठेवलेली व्यवस्थाच मुसळधार पावसाच्या रात्री उपयोगी पडते.