माडाच्या परवान्याची कुळकथा

अलिबाग तालुक्याच्या किनाऱ्यावरील नारळी-पोफळीच्या पट्ट्याला अष्टागर म्हणतात आणि चौल हे त्या आगरांपैकी एक. येथील मद्याचा इतिहास द्राक्षाशी नव्हे, माडाशी बांधलेला आहे. माडाच्या न उमललेल्या फुलोऱ्याला, म्हणजे पोयीला, दोरीने आवळून व हलक्या हाताने ठोकून तिचे टोक रोज कापत गेले, की गोड रस मडक्यात ठिबकू लागतो, आणि मडक्याला आतून चुना लावलेला नसेल, तर तो काही तासांतच आंबून माडी होतो. हे काम भंडारी समाजाच्या हातचे होते.

भट्टीवर गाळलेली दारू एका आवारात आणून तिच्यावर पहारा बसवता येतो. माडी मात्र वाडीत, झाडाच्या शेंड्यावरच तयार होते. म्हणूनच मद्यावरील कराची व्यवस्था, म्हणजे अबकारी, येथे पेयाऐवजी झाडापाशी जाऊन थांबली. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याखाली रस काढण्यासाठी परवाना लागू लागला आणि कर झाडामागे मोजला जाऊ लागला, म्हणजे रस किती निघाला याचा विचार न करता पोयीला हात लावण्याआधीच खर्च ठरला. ज्याच्या माडांना रस कमी, त्याला हा बोजा सर्वांत जड जाणार, हे उघड आहे. 1892 च्या मोहवा कायद्याने हीच पद्धत आणखी पुढे नेली: ठाणे व कुलाबा या दोन जिल्ह्यांत, म्हणजे चौलच्याही मुलखात, दारूऐवजी ती जिच्यापासून गाळतात ती मोहाची फुले बाळगण्यावरच निर्बंध आले.

स्वातंत्र्यानंतर 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने माडाच्या रसाचे दोन भाग केले. न आंबलेला रस नीरा ठरला आणि ग्रामोद्योग म्हणून त्याला वाव मिळाला, तर आंबलेला रस मद्यात गणला गेला. पण निसर्गात या दोहोंमधले अंतर काही तासांचेच असल्याने झाडावर चढणाऱ्याला कायद्याची सीमा सतत सांभाळावी लागली.

2001 मध्ये महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आखले, तेव्हा शासनाचा सूर अगदी वेगळा होता. वाइन हा शेतमालावरील प्रक्रिया-उद्योग मानला गेला, तिला उत्पादन शुल्कात सवलत मिळाली आणि नाशिकजवळ विंचूर व सांगलीत पलूस येथे वाइन पार्क उभे राहिले. वास्तविक माडीही शेतमालापासूनच होते आणि तिला ना भट्टी लागते ना साखर. तरी ही दृष्टी चौलच्या माडाला कधी लाभली नाही.